बेचिराखातली पांढरी

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी माझ्या बायकोवर जळायला लागलो. नवरा बायकोवर जळतो म्हटलं की लोकांना वाटतं, मध्ये कुणीतरी तिसरा असणार. तिसरा कुणी नव्हता. मध्ये होती खापरं. फुटक्या मडक्यांची खापरं, जी आमच्या परभणी जिल्ह्यात कुठल्याही उकिरड्यावर सापडतात आणि ज्यांच्याकडे कोंबडीसुद्धा मान वळवून बघत नाही.

तेव्हा मी मानवतच्या एका हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होतो. बी.ए.नंतर एम.ए. करायचं होतं, पण पाठीमागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि वडील म्हणाले, "आता नोकरी धर." धरली. आपण खरं म्हणजे विद्वानांच्या पंगतीतले, चुकून फळ्यासमोर उभे राहिलो आहोत, असा माझा तेव्हापासूनचा समज. दरवर्षी मी सहल चारठाण्याला न्यायचो. पोरं देवळाच्या सावलीत डबे उघडायची आणि मी त्यांना खांबांवरचं कोरीवकाम समजावत बसायचो. ऐकायला एखादा जाणता माणूस असता तर किती बरं झालं असतं, असं दरवेळी वाटायचं.

तसा जाणता माणूस एका उन्हाळ्यात पत्रातून आला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. कॉलेजं आज उघडी तर उद्या बंद. खेड्यापाड्यांत तर त्याहून वाईट चाललं होतं, घरं जळाली होती, माणसं परागंदा झाली होती. या सगळ्यात परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, त्या नेमक्या मे महिन्यात आल्या, आणि पुरातत्त्वाच्या एका प्राध्यापकांचे विद्यार्थी अभ्यासाला बसले. सरांना दुधना नदीच्या काठानं जुन्या वस्त्यांची पाहणी करायची होती आणि हाताशी दोनच पोरं उरली होती. म्हणून त्यांनी शाळांना पत्रं पाठवली. सुटीत कुणी इतिहासाचे शिक्षक स्वयंसेवक म्हणून येतील का? राहायची, जेवायची सोय होईल. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ज्याला महत्त्वाचं स्थळ सापडेल त्याचं नाव अहवालात शोधक म्हणून छापलं जाईल. ते पत्र मी तीनदा वाचलं. शेवटची ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही.

मी होकार कळवला तेव्हा सरांचं दुसरं पत्र आलं. स्वयंपाकाला माणूस मिळत नाही, तुमच्याकडे कुणी आहे का? मी लिहिलं, माझी पत्नी येईल. तिला नंतर सांगितलं. ती राणीसावरगावाकडची, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी, सातवी शिकलेली. माझ्या डोक्यात बी.ए. होतं आणि तिच्या हाताला खुरप्याचे घट्टे. लग्न वडिलांनी जमवलं होतं. मला ती आवडत नव्हती असं नाही, पण चार शिकलेल्या माणसांत तिनं तोंड उघडलं की माझा जीव खालीवर व्हायचा. ती एवढंच म्हणाली, "मानसं किती हायत ते सांगा. तेवढं पीठ घिऊ."

मुक्काम नदीकाठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. सर पन्नाशीचे, किडकिडीत, आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मला वाटलं माणूस आजारी आहे. काम समजावलं ते असं. आमच्याकडे पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहतात, राख टाकतात, मातीच्या भिंती पडतात, पुन्हा उठतात, आणि तिथली माती पांढुरकी होते. मेमध्ये रानं मोकळी असतात. पहाटे साडेपाचला सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, दोघांत वीस पावलांचं अंतर ठेवायचं आणि खाली बघत सरळ चालायचं. खापर, मणी, बांगडी, जे दिसेल ते पिशवीत. पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि वेचणाऱ्याचं नाव. माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले तीन दिवस मला एका कपाचा कान, कौलाचे सात-आठ तुकडे आणि निळ्या फुलांची अर्धी बशी मिळाली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, ही बशी आपल्या आजोबांच्या काळातली असेल." हसले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला ऊन लागलं. तो वर्गात ओल्या फडक्याखाली पडून राहिला आणि ओळीत माणूस कमी पडला. सर स्वयंपाकघराकडे गेले, म्हणजे चौथीच्या वर्गाकडे, आणि म्हणाले, "वहिनी, दोन तास चालाल का आमच्याबरोबर?"

ती माझ्याकडे बघायला लागली. सरांसमोर नाही कसं म्हणणार? मी मान हलवली. तिनं पदर खोचला, रानात येऊन ओळ बघितली आणि विचारलं, "माजी पात कंची?"

सरांना पात म्हणजे काय ते कळलं नाही. तिनं सांगितलं, "खुरपायला बसलं की परत्येक बाईची येक पट्टी असती. पट्टीच्या भाईर जायचं न्हाई, आन् पट्टीतलं कायबी मागं ठिवायचं न्हाई. त्याला पात म्हंत्यात."

सरांनी तिथंच वही काढून तो शब्द लिहिला. "इतकी वर्षं आम्ही यासाठी इंग्रजी शब्द वापरतोय," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून सगळे पात म्हणायला लागले. मला काय तो शब्द माहीत नव्हता? माझी आई खुरपायला जात नव्हती, पण मीही याच मातीतला. तीन दिवस मी सरांवर छाप पाडायला इंग्रजी शब्द पाठ करत होतो, आणि ही आली आणि घरातला शब्द देऊन मोकळी झाली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अर्ध्या तासात ती थांबली. "सर, हे हाड न्हाई. काय हाय बगा बरं."

तो शंखाच्या बांगडीचा तुकडा होता. सरांनी तो तळहातावर घेतला, थुंकी लावून पुसला आणि सांगितलं की हे समुद्राकडून आलेलं आहे, फार जुनं, कुण्या बाईच्या हातात असेल. तिनं तो घेऊन आपल्या मनगटाला लावून बघितला आणि म्हणाली, "बारीक हाताची व्हती." सर इतके खूश झाले की त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. माझी पात तिच्या शेजारचीच होती. वीस पावलं इकडे.

त्यानंतर ती रोजच ओळीत यायला लागली. चारला उठून भाकरी थापायची आणि साडेपाचला आमच्याबरोबर रानात. आम्ही चालायचो तसं ती चालायची नाही. लहानपणापासून कापूस वेचलेला, तण काढलेलं. तिची नजर जमिनीवरून हलायची ती हातानं चाचपल्यासारखी. मातीच्या रंगाचं खापर मातीत पडलेलं तिला उभ्यानं दिसायचं. आम्हा तिघांच्या पिशव्या मिळून भरायच्या त्याहून तिची एकटीची फुगायची. संध्याकाळी चिठ्ठ्या लिहायला मी बसलो की पिशवीमागून पिशवी तिच्याच नावाची. तिचं नाव लिहून लिहून माझी बोटं दुखायला लागली. खरं म्हणजे पोटात दुखत होतं.

दुपारी लिंबाखाली घमेल्यात खापरं धुवायचो तेव्हाची एक गोष्ट. सरांनी एक मोठा काठ हातात घेतला आणि मला विचारलं, "गुरुजी, हे कशाचं असेल?"

मी घसा साफ करून सांगितलं, "धान्य साठवण्याचा रांजण."

ती पलीकडे कांदा चिरत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. "रांजन कसा आसंल? खालून काजळी हाय की. कालवनाचं भांडं हाय ते. काठाला आतून खाच हाय, झाकनी बसायला."

सरांनी ते उलटं केलं. काजळी होती. खाच होती. सरांनी घमेलं थोडं तिच्या बाजूला सरकवलं.

मग मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पाती वाटून द्यायचं काम मी सरांकडून मागून घेतलं आणि तिला ओढ्याकडेची, बाभळीच्या काट्यांची पात दिली. तिथं तिला मणी सापडला, लाल, मध्ये बारीक भोक पाडलेला. दुसऱ्या दिवशी मी भराभर चालून ओळीच्या पुढे गेलो आणि तिच्या पातीच्या कडेची दोन खापरं उचलली. ती म्हणाली, "आवो, तुमची पात तिकडं हाय," आणि विद्यार्थी हसला. मी जेवताना मिठावरून कुरकुर केली. तिच्याशी बोलणं सोडलं. तिला वाटलं मलाही ऊन लागलंय. "कांदा फोडून दिऊ का?" म्हणाली. कांद्यानं उतरणारं ऊन नव्हतं ते.

आणि मग एकदाचं मला सापडलं.

गावापासून अर्ध्या कोसावर एका नांगरलेल्या काळ्या रानात माझी पात चालली होती, आणि माझ्या पायांखाली खापरंच खापरं. काळी-तांबडी, चकचकीत, नक्षीची. मी ओरडलोच. सर धावत आले, गुडघ्यांवर बसले. त्यांनी नकाशावर लाल खूण केली, बाजूला माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "उद्या दोरी लावून चौक आखू." मी तिच्याकडे बघितलं. म्हणजे मुद्दाम बघितलं. तिनं बघितलंय का, हे बघायला बघितलं. ती खाली वाकून माती बोटांत चुरत होती.

परतताना तिनं मला हळूच गाठलं. "आवो, ही पांढरी टाकल्याली दिसायलीय. खापरं ढिगाढिगानं हायत, मदी मोकळं. जिथं जिथं गाडी रिकामी केली तिथं तिथं दाट. आमच्याकडं बी टाकत्यात, खतासाठी."

ती म्हणाली त्याच क्षणी मला कळलं की ती बरोबर आहे. उन्हाळ्यात लोक जुन्या टेकाडावरची पांढरी माती गाड्या भरभरून रानात नेऊन टाकतात, हे मलाही माहीत होतं. मराठवाड्यातल्या कुठल्या माणसाला माहीत नाही? पण नकाशावर माझं नाव लाल शाईनं लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? सरांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळभर दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या, चौकाचौकातली खापरं मोजून वेगळी केली. दहाच्या सुमारास रानाचा मालक धावत आला. "सर, कामून दोऱ्या लावायलाव माज्या रानाला? मोजनी आली का काय?" सरांनी त्याला समजावलं की इथं फार जुनं गाव होतं. तो आधी बघतच राहिला आणि मग असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. "आवो, गाव कुटलं इथं! ही माती मी आनलीय गाडीनं, चार वर्साखाली. बेचिराखातली पांढरी हाय ती. जवारीला लय चांगली असती."

निजामाच्या दप्तरात ओसाड पडलेल्या गावाला बेचिराग म्हणायचे, जिथं दिवा लागत नाही ते गाव. लोकांच्या तोंडी त्याचं बेचिराख झालं. सर दोरी गुंडाळत म्हणाले, "चूक माझी आहे गुरुजी, मी घाई केली." मग त्यांना एकदम काही आठवल्यासारखं झालं. ते तिच्याकडे वळले. "वहिनी, तुम्हालाही नव्हतं लक्षात आलं?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "न्हाई सर," ती म्हणाली, "मला कुठलं कळायलंय."

मला तिचे उपकार वाटायला हवे होते. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला वाटले असते. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. हुशार ती, आणि वर मोठ्या मनाचीही तीच. मग माझ्या वाट्याला राहिलं काय?

त्याच दुपारी आजारी विद्यार्थ्याला जास्त झालं. सर आणि दुसरा विद्यार्थी त्याला घेऊन एस.टी.नं परभणीच्या दवाखान्यात गेले, उद्या संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. शाळेत आम्ही दोघंच उरलो. ऊन उतरल्यावर ती पायात चपला घालून दारात उभी राहिली.

"चला."

"कुठं?"

"मी इचारलं त्या दादाला, पांढरी कुटून आनली म्हनून. वड्याच्या पल्याड हाय म्हनला बेचिराख. गाडीवाट हाय."

मला जायचं नव्हतं आणि तिला एकटीला जाऊ द्यायचं तर मुळीच नव्हतं. ती पुढे, मी मागे. गाडीवाटेच्या कडेनं मधूनमधून खापरं पडलेली होती. ती बोट दाखवत होती, "बगा, गाडीतून सांडत गेल्यात." ओढा ओलांडला, बाभळी आल्या, आणि बाभळींच्या मागे टेकाड. एका बाजूनं ते लोकांनी माती काढून काढून उभं कापलेलं होतं, माणसाच्या डोक्याहून उंच. त्या कापावर थरांवर थर दिसत होते. राख, भाजलेली माती, सारवलेली जमीन, पुन्हा राख. मडकी जशीच्या तशी मातीत बसलेली. मी पुस्तकांत असलं चित्र पाहिलं होतं, आणि पुस्तकात पाहिलेलं समोर आलं की ओळखायला जरा वेळ लागतो.

ती थेट जाऊन खाली बसली. "आवो, चूल हाय! बगा, दोन भाजूला माती, मदी राख. आपल्या चुलीवानीच." तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "हात न्हाई लावत. सर म्हनलेत, जागच्या जागी राहू द्यायचं." खाली आधीच ढासळलेली खापरं होती तेवढीच तिनं वेचली, सात पिशव्या भरल्या. बोलत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की तसा तो मी लग्नातही पाहिला नव्हता. हा आनंद माझा होता. बी.ए.पासून मी तो राखून ठेवला होता, आणि तो सातवी शिकलेल्या बाईच्या तोंडावर येऊन बसला होता. मी बाभळीला टेकून तिच्याकडे बघत राहिलो.

शाळेत परत आल्यावर ती पीठ मळायला बसली आणि मी बाकावर स्थळनोंदीचा फॉर्म घेतला. मौजा, तालुका, नदीपासूनचं अंतर, टेकाडाची उंची, कापलेली बाजू, काय काय दिसलं. सगळं भरलं. शेवटचा रकाना शोधकाच्या नावाचा. आमच्यात बाईचं पुरं नाव लिहिताना तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव येतंच. मी स्वतःला सांगितलं की यातलं फक्त पहिलं नाव गाळायचं, बाकी सगळं तेच. आणि गाळलं. मग सातही पिशव्यांतल्या चिठ्ठ्यांवर तसंच केलं. एका नावासाठी अख्खा मराठवाडा पेटलेला असताना, माणसं त्यापायी घरादाराला मुकलेली असताना, मी दिवा लावून चौथीच्या बाकावर बसलो आणि वळणदार अक्षरात एक नाव गाळलं. आयत्या बिळावरचा नागोबा कसा दिसतो ते मला विचारा.

दुसऱ्या संध्याकाळी सर आले. मी त्यांना अंगणातच गाठलं. गाडीवाटेनं सांडलेल्या खापरांचा माग कसा काढला, चूल कशी ओळखली, कापाला हात का लावला नाही, सगळं सांगितलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा मी सांगत सांगत चुलीपर्यंत आलो होतो. थांबायला जमलं असतं. मी थांबलो नाही. सरांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "गुरुजी, या कामाला अशीच नजर असावी लागते." ती तांब्या ओट्यावर ठेवून आत गेली.

मी ज्याच्यासाठी इतके दिवस तडफडत होतो ते मला मिळालं होतं. ते किती वेळ टिकलं? सरांनी पिशवीतून एक विचित्र, नळी असलेलं खापर काढलं, उलटसुलट केलं आणि मला न विचारता आत हाक मारली, "वहिनी, हे कशाचं भांडं असेल हो?"

आतून आवाज आला, "मला न्हाई सांगता यायचं, सर."

दुसऱ्या पहाटे सरांनी टेकाड बघितलं, फोटो काढले आणि आम्ही नदीच्या खालच्या अंगाला पुढे सरकलो. ती ओळीत आली नाही. पीठ सरलंय, दळायला जायचंय म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशी सरपण नव्हतं. सरांनी मला दोनदा विचारलं, वहिनी का येत नाहीत? मी सांगितलं, तिला ऊन सोसत नाही. जन्म रानात गेलेल्या बाईबद्दल हे मी सांगितलं आणि सरांनी ते ऐकून घेतलं. तिची पात रिकामी ठेवून आम्ही चालायचो. मला मनातून बरंच वाटत होतं.

पुढे काही वर्षं सरांची पत्रं येत राहिली. उत्खननाला परवानगी मागितली आहे, अहवाल लिहायचा आहे, तब्येत ठीक नसते. प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहिलेलं असायचं, "वहिनींना नमस्कार सांगा." मी एकदाही सांगितला नाही. उत्खनन झालंच नाही. सरांच्या हाताखाली एम.ए. करण्याचं मी एकदा पत्रात सुचवून पाहिलं, तोवर सर निवृत्त झाले होते. आम्हाला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. त्या टेकाडाबद्दल माझी बायको एवढ्या वर्षांत एक शब्द बोलली नाही, आणि मी त्याला तिचं विसरणं समजत आलो.

ज्या वर्षी जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अहवाल टपालानं आला. सरांनी तो अखेर माझ्या नोंदींवरूनच लिहिला होता. शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना माझं नाव वाचून दाखवलं, पेढे आणले. मी घरी आलो ते अहवाल छातीशी धरून. मुलगी धावत आली, तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. माझं पूर्ण नाव तिनं दोनदा वाचलं. मग पानं उलटता उलटता आभाराच्या पानाशी थांबली. "बाबा, इथं आई पण आहे! 'गुरुजींच्या पत्नीनं शिबिरातील भोजनाची व्यवस्था उत्तम पाहिली.' आई, तू तिथं स्वयंपाकाला गेली होतीस?"

"हाव, सैपाकालाच गेल्ते," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण मुलगी माझ्याकडे अशा अभिमानानं बघत होती की ते तसंच मिटलं.

बायकोनं हात पदराला पुसले आणि अहवाल मांडीवर घेतला. "दाव बरं, कुटं हाय तुज्या बाबाचं." मुलीनं पान काढून दिलं. ती एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागली. माझ्या नावावरून बोट गेलं, थांबलं नाही, पुढे टेकाडाच्या वर्णनावर गेलं. उंची, माती, थर. एका ओळीवर मात्र ते थांबलं.

"कापल्याली भाजू उगवतीकडं लिवलीय तुमी," ती म्हणाली. "मावळतीकडं हाय ती. ऊन थेट चुलीत यायलं व्हतं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. शेजारणीच्या विणकामातला टाका चुकलेला सांगावा तसं म्हटलं, पुस्तक मिटून मुलीकडे दिलं आणि आत गेली.

ती बरोबर होती. आम्ही संध्याकाळी गेलो होतो आणि मडकी उन्हात चमकत होती, एवढं मलाही आठवलं. पण सूर्य कुठे होता ते आठवेना. त्या संध्याकाळी मी टेकाडाकडे पाहिलंच नव्हतं. मी सगळा वेळ तिच्याकडे पाहत होतो. अहवालात अजून पूर्वच छापलेली आहे.